अनुपलब्धीचे प्रामाण्य : वनस्पतींच्या पेशीभित्तीतील बहुशर्करा आणि प्रतिपिंडांची साक्ष

वनस्पतींच्या पेशीभित्तीचे निरीक्षण पेशीच्या कल्पनेहूनही जुने आहे. रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात बुचाच्या कापामध्ये दिसलेल्या ज्या पोकळ्यांना ‘सेल’ हे नाव दिले, त्या वस्तुतः मृत पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. भिंत अशी प्रथमपासून डोळ्यांसमोर असली, तरी ती कोणत्या द्रव्याची बनलेली आहे हे कळावयास दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. ब्राकोनो याने १८२५ मध्ये पेक्टिक अम्लाचे वर्णन केले. पायेन याने १८३८ मध्ये सेल्युलोज वेगळे करून दाखविले. शुल्त्से याने १८९१ मध्ये ‘हेमिसेल्युलोज’ ही संज्ञा रूढ केली. हे सर्व शोध रसायनशास्त्रज्ञांचे होत. त्यांची रीत अशी की, ऊतक कुटावयाचे, ते पाणी, अम्ल वा अल्क यांत क्रमाने विरघळवावयाचे, आणि जे द्रावणात उतरेल त्याचे पृथक्करण करावयाचे. या रीतीने भिंतीत काय आहे आणि किती आहे हे कळते. परंतु ते कोठे आहे हे कळण्याचा मार्ग ऊतक कुटले त्याच क्षणी बंद होतो. उलटपक्षी, सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यास ठिकाण दिसते, पण तेथील द्रव्याचे नाव सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मांजँ याने पेक्टिनासाठी रुथेनियम रेड हा रंग वापरात आणला, त्यामुळे ही अडचण काहीशी कमी झाली. तथापि हा रंग ऋण विद्युत्‌भार असलेल्या कोणत्याही बहुशर्करेस धरतो. ती पेक्टिनच आहे असे तो निश्चयाने सांगत नाही.

‘काय’ आणि ‘कोठे’ या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच कापावर मिळविण्याचे साधन म्हणून विसाव्या शतकात प्रतिपिंडे पुढे आली. त्या इतिहासाची केवळ जंत्री देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. प्रतिपिंड कापावर चिकटले तर त्याचा अर्थ काय, याचा विचार संशोधकांनी आरंभापासून केला. पण ते न चिकटल्यास त्याचा अर्थ काय करावयाचा, या प्रश्नाकडे दीर्घकाळ पुरेसे लक्ष गेले नाही. या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने हा इतिहास वाचला असता त्यातून जो बोध निघतो, तो आजच्या विद्यार्थ्यासही उपयोगी पडावा.

प्रथम एक शंका उपस्थित होईल. प्रतिपिंडांचीच गरज का भासावी? प्रथिनाचे स्थान शोधावयाचे असल्यास आज त्याच्या जनुकास अनुस्फुरक प्रथिनाच्या जनुकाची जोड देता येते, आणि जिवंत पेशीत ते प्रथिन चमकताना पाहता येते. बहुशर्करेच्या बाबतीत ही सोय नाही. बहुशर्करा ही कोणत्याही एका जनुकाची प्रत्यक्ष निर्मिती नव्हे. अनेक एंझाइमांनी एकामागून एक जोडलेल्या शर्करांची ती साखळी असते. तिच्या शाखांची लांबी व अंतरे बदलती असतात, आणि भिंतीत बसल्यानंतरही तिच्यात फेरफार होत राहतात. जनुकावर खूण बांधून तिचा माग काढता येत नाही. तिला ओळखणारे काहीतरी बाहेरून आणावे लागते. ते ‘काहीतरी’ म्हणजे मुख्यतः प्रतिपिंड होय.

प्रतिपिंडांचा उगम वैद्यकात आहे. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखविले की, विष टोचलेल्या प्राण्याच्या रक्तरसात त्या विषाचा प्रतिकार करणारा गुण उत्पन्न होतो. पुढे १८९७ मध्ये क्राउस याने जंतूंचे गाळलेले द्रावण आणि त्या जंतूंविरुद्धचा रक्तरस एकत्र केला असता नळीत साका बसतो हे निदर्शनास आणले. हा साका बसणे किंवा न बसणे, हीच पुढे कित्येक वर्षे प्रतिपिंडांची भाषा होती. त्या काळी सर्वसाधारण समजूत अशी होती की, असा विशिष्ट साका केवळ प्रथिनांमुळेच बसतो. शर्करांच्या साखळ्यांत इतकी विविधता असेल असे कोणास वाटत नव्हते. या समजुतीस धक्का बसला तो न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत. डोशे आणि एव्हरी यांना १९१७ मध्ये न्यूमोकॉकसजन्य फुफ्फुसदाहाच्या रुग्णांच्या रक्तात व मूत्रात एक विद्राव्य विशिष्ट पदार्थ आढळला. हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी १९२३ मध्ये या पदार्थाचे शुद्धीकरण करून तो बहुशर्करा असल्याचे प्रतिपादन केले. प्रतिपिंडे शर्करा ओळखतात, एवढेच नव्हे तर एकाच जंतूच्या निरनिराळ्या प्रकारांतील शर्करांमध्ये भेद करतात, ही गोष्ट येथून पुढे प्रस्थापित झाली.

सन १९२९ हे या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. एव्हरी आणि गोबेल यांनी त्या वर्षी ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या साध्या शर्करा रासायनिक बंधाने प्रथिनांस जोडल्या आणि अशा कृत्रिम संयुगांपासून रक्तरस तयार केले. एकटी शर्करा टोचली असता प्राण्याच्या शरीरात प्रतिपिंडे उत्पन्न होत नाहीत. प्रथिनाच्या पाठीवर बसविली की होतात. या दोन शर्करांत भेद आहे तो केवळ चौथ्या कार्बन अणूवरील हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेचा. परंतु रक्तरसांनी तेवढाही भेद अचूक ओळखला. शर्करेचा लहानसा तुकडा प्रथिनास जोडून त्याविरुद्ध प्रतिपिंड मिळविण्याची ही युक्ती पुढे ऐंशी वर्षांनीही कशी उपयोगी पडली, हे यथावकाश येईलच.

त्याच वर्षीचे दुसरे कार्य प्रत्यक्ष वनस्पतींशी संबंधित आहे. हायडेलबर्गर, एव्हरी आणि गोबेल यांनी अरबी डिंकाचे अम्लाने अंशतः विघटन केले. उरलेल्या भागाने न्यूमोकॉकसाच्या दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराविरुद्धच्या रक्तरसांबरोबर अतिशय विरल द्रावणातही साका दिला. जंतूविरुद्ध सिद्ध झालेल्या प्रतिपिंडाने बाभळीच्या गणातील एका झाडाच्या डिंकातील शर्करारचना ओळखावी, ही घटना चमत्कारिक वाटली तरी तिचे कारण सरळ आहे. प्रतिपिंडास जंतू व झाड यांतील भेद ठाऊक नसतो. त्याच्या खाचेत बसणारी शर्करांची मांडणी जेथे असेल, तेथे ते चिकटते. पण या प्रयोगातील दुसरा तपशील आज मागे वळून पाहताना अधिक महत्त्वाचा वाटतो. सौम्य अम्लाने डिंकाच्या रेणूवरील बाह्य शर्करा, विशेषतः ॲरॅबिनोज, झडून जातात आणि आतला गाभा उघडा पडतो. जी खूण प्रतिपिंडास ओळखावयाची होती, ती डिंकात मुळातच होती. वरचे आवरण काढल्यावर तिची ओळख नीट पटली. पुढील सर्व कथेचे बीज या एका नळीत आहे असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ते रुजावयास फार काळ लागला.

हायडेलबर्गर यांनी त्यानंतरही अनेक दशके वनस्पतींचे डिंक व इतर बहुशर्करा न्यूमोकॉकसाच्या रक्तरसांशी ताडून पाहिल्या आणि त्यांच्या रचनेविषयी अनुमाने काढली. तथापि ही सारी परीक्षा नळीतील होती. स्थानाचा प्रश्न तसाच होता. त्यास वाट मिळाली ती १९४१-४२ मध्ये. अमेरिकेत ॲल्बर्ट कून्स आणि त्यांचे सहकारी यांनी प्रतिपिंडास अनुस्फुरक रंग, म्हणजे जंबुपार प्रकाश पडताच स्वतः चमकणारा रंग, जोडला. आणि संसर्ग झालेल्या ऊतकाच्या कापात न्यूमोकॉकसाचे द्रव्य कोठे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. साक्यावाटे बोलणारे प्रतिपिंड आता प्रकाशावाटे बोलू लागले. पुढे १९७१ मध्ये प्रतिपिंडास सोन्याचे सूक्ष्म कण जोडण्याची रीत निघाली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातही तेच काम करता येऊ लागले.

वनस्पतींच्या अभ्यासकांनी ही साधने हाती घेतली ती बऱ्याच उशिरा. कारण भिंतीच्या रचनेचे पुरेसे रसायन प्रथम माहीत असणे आवश्यक होते. कीगस्ट्रा, टॅलमेज, बाउअर आणि आल्बरशाइम यांनी १९७३ मध्ये सिकॅमोर मेपलच्या संवर्धित पेशींवरून प्राथमिक भित्तीचा एक सविस्तर आराखडा मांडला. त्यात सेल्युलोजाचे तंतू, त्यांना बिलगलेले झायलोग्लुकॅन आणि भोवतालची पेक्टिने ही एकमेकांस कशी जोडलेली असावीत याचे चित्र होते. आराखडा आला म्हणजे तो पडताळून पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविकच. मूर आणि स्टेहेलिन यांनी १९८८ मध्ये तांबड्या क्लोव्हरच्या मुळात सोन्याच्या कणांच्या साहाय्याने झायलोग्लुकॅन आणि पेक्टिनाचा एक घटक यांची स्थाने शोधली. भिंतीकडे जाणारी ही द्रव्ये गॉल्जी पिंडात व त्यापासून निघणाऱ्या पुटिकांत आढळली. भिंतीच्या बहुशर्करा कोठे घडतात, या जुन्या प्रश्नास अशा रीतीने चित्ररूप उत्तर मिळाले.

या कामातील रक्तरसांमध्ये एक उणीव होती. सशाच्या रक्तरसात एकाच द्रव्याविरुद्ध नाना प्रकारची प्रतिपिंडे मिसळलेली असतात. त्यांपैकी नेमके कोणते काय ओळखते हे सांगता येत नाही, आणि ससा मेला की तो रक्तरसही संपतो. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे प्लीहेतील प्रतिपिंडोत्पादक पेशीचा संयोग अर्बुदपेशीशी घडवून ही अडचण दूर केली. अशा संकरित पेशीची संतती अखंड वाढते आणि एकाच जातीचे प्रतिपिंड निर्माण करते. या एककृंतकी प्रतिपिंडांबद्दल त्यांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नॉरिच येथील जॉन इनेस संस्थेत पॉल नॉक्स, कीथ रॉबर्ट्‌स आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये ‘जेआयएम ५’ आणि ‘जेआयएम ७’ या दोन प्रतिपिंडांच्या साहाय्याने गाजराच्या मूलाग्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेक्टिनाच्या साखळीवरील काही अम्लगटांवर मेथिल एस्टरांचे आच्छादन असते, काही मोकळे असतात. पहिले प्रतिपिंड मोकळ्या, तर दुसरे आच्छादित पेक्टिनास धरते असे त्यांस दिसले. आणि एकाच भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या बाजूंस या दोहोंची वाटणी सारखी नसते हेही स्पष्ट झाले. रसायनशास्त्रज्ञाने ज्यास सरासरीने एक आकडा दिला असता, त्याच्या पोटात एवढी सुव्यवस्थित विषमता होती.

त्यानंतर प्रतिपिंडांची संख्या झपाट्याने वाढली. बेल्जियममध्ये १९८९ मध्येच, कॅल्शियमामुळे पेक्टिनाच्या साखळ्यांना जी विशिष्ट घडी पडते तीच ओळखणारे प्रतिपिंड मिळाले होते. ऑस्ट्रेलियात १९९१ मध्ये कॅलोजाविरुद्ध, अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात १९९४ मध्ये झायलोग्लुकॅनावरील फ्युकोजयुक्त टोकाविरुद्ध, आणि लीड्स येथे १९९७ मध्ये पेक्टिनाच्या गॅलॅक्टन शाखांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. जॉर्जियातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात अशा प्रतिपिंडांची संख्या दीडशेच्या वर गेली होती. कोणत्याही अंगाचा काप घ्यावा, त्यावर एक प्रतिपिंड घालावे, आणि ज्या पेशी चमकतील त्यांत ते द्रव्य आहे व ज्या अंधारात राहतील त्यांत नाही असे लिहावे, अशी प्रथा पडली. चित्रे सुंदर होती, प्रत्येक ऊतकाची आकृती वेगळी होती, आणि पेशीच्या विकासाबरोबर भिंतीची घडण बदलते हा निष्कर्ष त्यांतून निघत होता. या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग प्रकाशावर उभा होता, तर दुसरा अर्धा अंधारावर.

येथे आपल्या दर्शनकारांनी केलेल्या एका विवेचनाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. भूतलावर घट नाही हे ज्ञान आपणास घट न दिसण्यामुळे होते. परंतु प्रत्येक न दिसणे हे प्रमाण नव्हे, असाही त्यांचा कटाक्ष आहे. अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. म्हणजे घट तेथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून तो तेथे नाही असे म्हणता येत नाही. काचपट्टीवरील काळ्या भागांवरून काढलेली अनुमाने या कसोटीस लावून पाहावीत असे फारसे कोणाच्या मनात आले नव्हते.

ती कसोटी लागली ती २००८ मध्ये, आणि तिचे साधन ठरला चिंचोका. चिंचोक्याची खळ आपल्याकडील घोंगडी विणणाऱ्या कारागिरांस पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. त्या खळीस चिकटपणा देणारे द्रव्य म्हणजे चिंचोक्याच्या दलिकांतील जाड भिंतींत साठविलेले झायलोग्लुकॅन होय. लीड्स येथे मार्कस, नॉक्स आणि त्यांचे सहकारी यांनी या झायलोग्लुकॅनापासून चार ग्लुकोज व तीन झायलोज असा सात शर्करांचा तुकडा मिळविला, तो गायीच्या रक्तरसातील अल्ब्युमिनास जोडला, आणि त्यापासून उंदराच्या वर्गातील मोठ्या प्राण्यात, म्हणजे घुशीसारख्या प्रयोगशालेय ‘रॅट’मध्ये, ‘एलएम १५’ हे प्रतिपिंड सिद्ध केले. एव्हरी आणि गोबेल यांची १९२९ ची युक्ती ती हीच. चिंचोक्याच्या कापात हे प्रतिपिंड जाड भिंतींवर सर्वत्र चिकटले, म्हणजे साधन निर्दोष होते. परंतु तंबाखू व वाटाणा यांच्या खोडांच्या कापांत ते मोजक्याच प्रकारच्या पेशींत चमकले. प्रचलित प्रथेप्रमाणे येथेच निष्कर्ष लिहिता आला असता की, या खोडांत झायलोग्लुकॅन थोड्याच पेशींपुरते मर्यादित आहे. वास्तविक द्विदलिकित वनस्पतींच्या प्राथमिक भित्तीतील हे प्रमुख हेमिसेल्युलोज आहे असे रसायन सांगत होते. या विसंगतीचा पाठपुरावा करण्यासाठी तसल्याच कापांवर प्रथम पेक्टिनाचे विघटन करणारे एंझाइम घालण्यात आले, आणि नंतर तेच प्रतिपिंड वापरण्यात आले. पूर्वी अंधारात असलेल्या पेशींच्या भिंती आता उजळून निघाल्या. झायलोग्लुकॅन तेथे होतेच. पेक्टिनाने ते झाकले होते.

या निष्कर्षाचे गांभीर्य लेखकांनी स्वतःच नोंदविले: पूर्वी प्रसिद्ध झालेल्या अनेक आकृत्यांचा फेरविचार करावा लागेल. पुढे २०१० मध्ये त्याच गटाने मॅनन या बहुशर्करेच्या बाबतीतही असे झाकले जाणे दाखवून दिले. कारण शोधण्यास दूर जावयास नको. कार्पिटा आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्येच जिवंत पेशींच्या भिंतींतील छिद्रांचा व्यास मोजला होता. तो सुमारे ३.५ ते ५.२ नॅनोमीटर भरला. प्रतिपिंडाचा रेणू दहा नॅनोमीटरांहून मोठा असतो. काप घेतल्याने भिंत उघडी पडते हे खरे, पण तिच्या जाळीत हा अवजड रेणू सर्वत्र शिरेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. म्हणजे जे मोजमाप सावध करावयास पुरेसे होते, ते एकोणतीस वर्षे आधी हाती आलेले होते. आणि आवरण काढल्यावर खूण उघडी पडते याचा दृष्टान्त तर त्याहूनही पन्नास वर्षे जुना होता.

भावपक्षही सर्वस्वी निर्धोक नाही, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे. क्लाउसेन, विलट्स आणि नॉक्स यांनी २००३ मध्ये प्रयोगशाळेत बनविलेल्या, मेथिल एस्टरांची मांडणी नेमकी माहीत असलेल्या पेक्टिन-तुकड्यांवर जुन्या प्रतिपिंडांची परीक्षा घेतली. ‘जेआयएम ५’ मोकळ्या आणि ‘जेआयएम ७’ आच्छादित पेक्टिनाचे, ही सुटसुटीत वाटणी त्यात टिकली नाही. दोन्ही प्रतिपिंडे अंशतः आच्छादित साखळ्याच ओळखतात, फक्त त्यांची पसंती वेगवेगळी आहे, असे दिसून आले. प्रतिपिंड ओळखते ते द्रव्यास नव्हे, तर द्रव्यावरील काही शर्करांच्या खुणेस. ती खूण अन्य द्रव्यावरही असू शकते. परंतु या दोन दोषांत एक फरक आहे. चमकलेल्या जागेविषयीची चूक शुद्ध तुकडे वापरून प्रतिपिंडाची परीक्षा घेतली असता सुधारता येते. न चमकलेल्या जागेविषयीची चूक प्रतिपिंड कितीही शुद्ध असले तरी सुधारत नाही. तेथे परीक्षा प्रतिपिंडाची नव्हे, तर त्या जागेची घ्यावी लागते.

अलीकडच्या काळात संशोधकांनी एका अर्थी जुन्या रसायनशास्त्रज्ञांची वाट पुन्हा धरली आहे. ऊतकाची भिंत क्रमाक्रमाने अधिक तीव्र द्रावकांत विरघळवावयाची, आणि प्रत्येक अंशावर अनेक प्रतिपिंडांची परीक्षा करावयाची, अशा पद्धती २००७ पासून प्रचारात आल्या. त्यांत झाकले जाण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी सुटतो, कारण भिंतच मोडलेली असते. पण तेथे स्थान पुन्हा हरवते. ब्राकोनो आणि हूक यांच्यामधील जी दरी भरून काढण्यासाठी प्रतिपिंडे आणली, ती एका प्रयोगाने भरत नाही. कुटलेली भिंत आणि कापलेली भिंत या दोहोंची साक्ष एकमेकींशी ताडून पाहावी लागते. एंझाइमाने आवरण काढतानाही, उरलेली रचना आपण हलविली तर नाही ना, ही शंका ठेवावीच लागते.

तात्पर्य, काचपट्टीवरील अंधार हा पुरावा असू शकतो, पण तो आपोआप पुरावा होत नाही. ‘येथे हे द्रव्य नाही’ असे लिहिण्यापूर्वी, ते येथे असते तर माझ्या साधनास दिसले असते काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच कापावर प्रयोगाने द्यावे लागते: पेक्टिन काढून पाहावे, अल्काने एस्टर दूर करून पाहावे, आणि ज्या ऊतकात ते द्रव्य निश्चित आहे ते सोबतीस ठेवावे. यासाठी लागणारे एंझाइम आणि एक जास्तीची काचपट्टी यांचा खर्च प्रतिपिंडाच्या मानाने अल्प आहे. झायलोग्लुकॅनाच्या बाबतीत ती एक काचपट्टी घेतली गेली, म्हणूनच आज आपण त्याच्या व्याप्तीविषयी काही विश्वासाने बोलू शकतो. जी द्रव्ये अशा परीक्षेतून अद्याप गेलेली नाहीत, त्यांच्या अभावाची जी चित्रे आपल्या ग्रंथांत आहेत, ती तोवर प्रमाण मानू नयेत.